जगदेव माळ्याने उघडलेली घडी

पडदा वर जातो तेव्हा मंगरूळपीरचा बाजार नुकताच भरू लागलेला आहे. मागे दर्ग्याचा घुमट, पुढे एका निंबाची सावली, आणि त्या सावलीत गोणपाटावर मांडलेली वांगी, मेथीच्या जुड्या, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवीगार रास. रासेमागे सोजर बसलेली आहे. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. तिच्या शेजारी, वांग्यांना अगदी चिकटून, एक पत्र्याची पेटी उघडी आहे. पेटीत चिमटे, सुईएवढे पेचकस, तेलाची इवलीशी बाटली. आणि पेटीमागे एक किडकिडीत माणूस डोळ्याला भिंग लावून बसला आहे. खांदे कानापर्यंत उचललेले, जणू मागून कोणी आत्ता ओरडणार आहे.

हा जगदेव. सोजरचा नवरा. हप्त्यातले सहा दिवस गावाबाहेरच्या मळ्यात मोट हाकायची, वाफे धरायचे, भाजी पिकवायची. सातव्या दिवशी बाजारात बायकोने भाजी विकायची आणि याने लोकांची घड्याळं दुरुस्त करायची. साल एकोणीसशे चव्वेचाळीस. दूर कुठेतरी मोठी लढाई चालू आहे, आणि तिची धग इथे फक्त पोस्टमनच्या पिशवीतून येते.

इतक्यात घुंगरांचा आवाज. एक दमणी, बैलांची हलकी छपराची गाडी, थेट निंबाखाली येऊन थांबते. जगदेवच्या डोळ्यावरचं भिंग गळून वांग्यांत पडतं.

जगदेव भित्रा होता, हे सांगायला गावात कोणी लाजत नसे, आणि तोही ऐकायला लाजत नसे. कचेरीच्या शिपायाचा पट्टा दिसला की तो रस्ता बदलायचा. आभाळ गडगडलं की खाटेखाली शिरायचा. पण ही भीती काही जन्माची नव्हती. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली तो दहा वर्षांचा होता. आठ दिवसांत आई गेली, थोरली बहीण गेली, आणि शेवटी बाप. बापाच्या छातीवर कान ठेवून तो ठोके मोजत बसला होता. मोजता मोजता एक ठोका आला, आणि पुढचा आलाच नाही. तेव्हापासून चालती वस्तू थांबली की जगदेवच्या पोटात खड्डा पडे. बैल चालता चालता थांबला तरी.

मग चुलत्याने त्याला वाढवलं. भाजीची गाडी घेऊन चुलता कारंज्याला जाई, आणि तिथे एका म्हाताऱ्या बोहरी घड्याळजीच्या दुकानाच्या पायरीवर जगदेवला बसवून ठेवी. एक दिवस त्या म्हाताऱ्याने एक मेलेलं घड्याळ उघडलं, काडीच्या टोकाने आत काहीतरी हलकेच ढकललं, आणि घड्याळ टिकटिक करू लागलं. थांबलेलं पुन्हा चालू होतं, हे त्या पोराने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्या पायरीवरून तो पुढची सहा वर्षं हलला नाही. घड्याळाचं काम त्याने पोटासाठी शिकलं नाही. भीतीवरचा उतारा म्हणून शिकलं.

तर दमणीतून उतरले रतनसिंग पाटील. कोसभरावरच्या गावचे, राजपुतांच्या घरचे, भरघोस मिशांचे. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रेशमी रुमाल काढला, रुमालातून एक मनगटी घड्याळ काढलं, आणि पेटीच्या झाकणावर ठेवलं.

"जगदेव, हे घडी पाह्य."

जगदेवने पाहिली. बंद होती. सव्वातीनवर काटे थबकलेले.

"आमच्या उदयनं लढाईवर असतानी मिसरातून आनली," पाटील म्हणाले. "सुटीवर आलता तवा मायच्या हातात बांधून गेला. म्हने, माय, इले किल्ली द्या लागत नाई, हातावर आपोआप भरते. अन् जातानी हासत हासत म्हने, हे चालू हाय तवरोक समज का मी बी चालू हाय."

पाटलांनी घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला.

"पोरगं हासत बोललं. पन मायनं थे पदरात बांधून घेतलं. चार महिने झाले, त्याचा कागद नाई. अन् परवा हे बंद पडली. तवापासून त्याच्या मायच्या, रुपाबाईच्या, पोटात अन्न नाई."

"पाटील, अशी घडी म्या जिंदगीत पाह्यली नाई जी," जगदेव कसाबसा म्हणाला.

"मंग आता पाह्य."

दमणी वळली. घुंगरं दूर गेली. जगदेव तसाच हात मांडीवर ठेवून बसला होता.

"काहून भेऊन राह्यले?" सोजर म्हणाली. "घडीच हाय, नाग नाई."

"सोजर, हे घडी नाई वं. हे त्या पोराचा जीव हाय."

"असा जीव येकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देता येत असता, तं मी तुमचा कवाच इकून आली असती. वांगी सरकवा तिकडं, गिऱ्हाईक आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, जगदेवने मळ्यातल्या खोपीत पांढरं फडकं अंथरलं, दाराला आतून कडी घातली आणि घड्याळाचं मागचं झाकण उघडलं.  आत, सगळ्या चाकांच्या वर, एक जाड पितळी तुकडा होता, अर्ध्या चंद्रासारखा. आणि तो सैल होता! घड्याळ कलतं केलं की इकडे जाई, सरळ केलं की तिकडे येई, आणि दोन्ही टोकांना टक् करून आपटे. आजवर त्याने शंभरेक घड्याळं उघडली होती. घड्याळात एवढी जड वस्तू मोकळी हिंडताना कधी पाहिली नव्हती. घड्याळात सैल म्हणजे मोडलेलं. हे त्याला पायरीवर बसून शिकवलेलं होतं.

त्या तुकड्याला पेच मारून आवळायची त्याची हिंमत झाली नाही. मोडला तर? मग त्याने भित्र्या माणसाचा मधला मार्ग काढला. मधाच्या पोळ्याचं मेण नखाएवढं घेतलं, बोटांत मऊ केलं, आणि चिमट्याने त्या अर्ध्या चंद्राच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवलं. हलायचा बंद झाला. बाजूच्या बोंडाने किल्ली दिली. घड्याळ चालू लागलं. जगदेवने फडक्याला नमस्कार केला आणि त्याच दुपारी पाटलांच्या गड्याजवळ घड्याळ देऊन टाकलं.

तिसऱ्या दिवशी दमणी मळ्याच्या बांधावर आली. पाटील खाली उतरलेसुद्धा नाहीत. रुमाल तेवढा पुढे केला.

"पुन्हा बंद पडली. आता तं दीड दिवसच चालली. रुपाबाई म्हनते, पोराची दोरी आखूड होऊन राह्यली." मग सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाले, "जगदेव, तुले येत नसन तं आताच सांग. तिच्याशी असा खेळ मी चालू देनार नाई."

येत नाही म्हणायलाही धैर्य लागतं. तेही त्याच्याजवळ नव्हतं. त्याने रुमाल घेतला.

त्या दिवशी दुपारी पोस्टमन सायकलवरून मळ्याच्या वाटेने आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, निघालेला पाटलांच्या गावाकडे. जगदेव तुरीच्या ओळीत उकिडवा बसला आणि डोळे मिटून घेतले. पिशवीत तार असली तर? आपण घड्याळ हातात घेतलं आणि तिकडे काही झालं असलं तर? सायकल थांबली. पावलं जवळ आली.

"जगदेवभाऊ, तुरीत काय करून राह्यले? कवळी वांगी हायेत काय दोन?"

जगदेवने त्याला दोनाच्या जागी टोपलीभर वांगी दिली आणि पाटलांच्या गावचं टपाल आहे का, हे विचारलं नाही. 

संध्याकाळी ऊन कलल्यावर तो मोट हाकायला गेला. विहिरीच्या उतरत्या धावेवर बैल खाली जातात, चामड्याची मोट भरून वर येते, पाणी थारोळ्यात, काठच्या कुंडात, पडतं. बैल मागे येतात, मोट पुन्हा खाली जाते. खाली, मागे. खाली, मागे. असं हजारदा केलेलं काम. हाकता हाकता एक बैल धावेच्या मध्येच अडून उभा राहिला. मोट अर्ध्यावर लटकली. थारोळं कोरडं.

जगदेव त्या बैलाकडे पाहत राहिला.

'इले किल्ली द्या लागत नाई, हातावर आपोआप भरते.' पाटलांनी सांगितलं होतं. पोराची बढाई म्हणून त्याने ते कानाआड केलं होतं. पण आपोआप म्हणजे तरी कशाने? कोणीतरी ओढल्याशिवाय आतली कमान, ती गुंडाळलेली पोलादी पट्टी, भरणार कशी? आणि त्या घड्याळात ये-जा करणारं होतं काय? एकच वस्तू. तो अर्धा चंद्र. हात हलला की तो इकडे जाणार, तिकडे येणार, आणि जाता येता कमान भरणार. तोच तर आतला बैल! आणि आपण त्याला मेणाने दाव्याला बांधून टाकलं.

त्याने मोट तशीच सोडली. खोपीत जाऊन घड्याळ उघडलं आणि सुईच्या टोकाने मेणाचा कण न् कण वेचून काढला. काढताना त्याला सारखं वाटत होतं की आपण कोणाच्या तरी गळ्यावरची बोटं सोडवतो आहोत, आणि ती बोटं आपलीच आहेत.

आता घाई करायची नाही, असं त्याने ठरवलं. आधी बोंडाने पुरती किल्ली देऊन घड्याळ फळीवर निजवून ठेवलं आणि कचेरीच्या टोल्यांवर कान ठेवला. सकाळच्या सातच्या टोल्याला ठेवलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला थांबलं. म्हणजे कमान धड होती, चाकं धड होती. भरलेलं पाणी नीट वाहत होतं. मग त्याने ते स्वतःच्या मनगटावर बांधलं, वरून चिंधी गुंडाळली. माळ्याच्या हातात पाटलाची घडी दिसली तर काय होईल, या विचाराने चिंध्या दोन झाल्या. तसाच तो निंदत होता, मोट हाकत होता, टोपल्या उचलत होता. किल्लीला बोटही लावलं नाही. चार दिवस झाले, घड्याळ थांबलं नाही. हात हलला की मनगटापाशी बारीक टक् टक् होई. पाचव्या दिवशी त्याने ते पाटलांकडे पोचवलं, आणि कितीतरी दिवसांनी सोजरने वाढलेली भाकर पुरती खाल्ली.

दोन दिवसांनी सकाळीच दमणी आली. या वेळी रिकामी. गडी म्हणाला, "पाटलानं बलावलं. घडी बंद पडली. तुमाले घेऊनच ये म्हने."

जगदेवने मनातल्या मनात हिशेब मांडला. मेण काढलं होतं. माळ्याच्या हातावर घड्याळ चार दिवस धावलं, आणि जन्म दिलेल्या आईच्या हातावर मेलं. आता घड्याळात खोट उरलीच कुठे होती? म्हणजे रुपाबाई म्हणत होत्या तेच खरं का?

"सोजर, मी धनजले जातो. तुह्या बापाकडं. आठ दिवस राह्यतो."

"अन् माह्या बापाले काय सांगसान? जावई घडीले भेला म्हनून आला?" सोजरने त्याचं पागोटं झटकून त्याच्या डोक्यावर ठेवलं. पण ते बसवताना तिची बोटं क्षणभर त्याच्या कपाळावर थांबली. "जा. तिकडं ते माय बसली हाय. तिच्याहून जास्त भेव तुमाले नाई लागून राह्यलं."

दमणीत बसल्यावर वाटभर जगदेवच्या कानात तेवढं एकच वाक्य होतं.

पाटलांच्या ओसरीवर पाटील उभे होते, हातात काठी. मधल्या दारामागे लुगड्याचा काठ दिसत होता. राजपुतांच्या घरातली बाई परक्यासमोर येत नसे. इतक्या दिवसांत जगदेवने घड्याळ पाहिलं होतं, पण ते ज्या हातावर राहत होतं तो हात कधी पाहिला नव्हता.

"बोल," पाटील म्हणाले. "तुह्या हातावर चालते, इच्या हातावर मरते. ह्याचा अर्थ काय?"

जगदेवला ती अडलेली मोट आठवली. बैल धड, ओढायचा नाडा धड, मोट धड, तरी थारोळं कोरडं. मग पाहायची राहिली ती एकच गोष्ट, बैल चालतो का. पण ती विचारायची म्हणजे पाटलाच्या ओसरीवर उभं राहून पाटलाच्या बायकोचा हात पाहायला मागायचा. त्याने दोन्ही हात जोडले.

"पाटील... मले पाटलीनबाईचा हात... म्हंजे घडी बांधून असतेत तसा... एक डाव पाहू द्या जी."

काठी जमिनीवर आपटली. पण पाटील काही बोलायच्या आत दारामागचा काठ हलला आणि रुपाबाई स्वतः बाहेर आल्या.

पन्नाशीची, रोडावलेली बाई. उजवा हात मोकळा. डावा हात पदरात गुंडाळून छातीशी धरलेला, जसं आजारी लेकरू धरावं. त्या हातातल्या बांगड्या घड्याळाच्या काचेला लागू नयेत म्हणून वर सरकवून चिंधीने बांधल्या होत्या.

"हा हात असाच ठेवता?" जगदेवने विचारलं.

"असाच," रुपाबाई म्हणाल्या. "पयले नव्हती ठेवत. याच हातानं दळत होती, ताक करत होती, वरीसभर. मंग कागद यायचे बंद झाले. चार महिने कसे तरी काढले, मंग धीर सुटला. मले वाटलं, घडीले धक्का लागला तं त्यालेच लागन. तवापासून या हाताले काम नाई सांगत. निजतानी बी उशीवर ठेवून निजते. हालू देत नाई."

जगदेव त्या हाताकडे पाहत राहिला. ही भीती त्याच्या ओळखीची होती. बापाच्या छातीवर कान ठेवून बसलेलं पोरही हललं नव्हतं. हललो तर ठोका चुकेल म्हणून.

आणि तो बोलू लागला. अडखळत, पण न थांबता.

"पाटील, आंधी माहा गुन्हा आयका. पयल्या खेपेले म्या आत मेन भरलं. आतला एक तुकडा हालून राह्यलता, मले वाटलं मोडला. मेनानं दाबून टाकला."

"मेन? माह्या पोराच्या घडीत तू मेन भरलं?"

"भरलं जी. अन् थे काढलं तरी मी मेल्यावानी फिरून राह्यलो. पोस्टमन दिसला का तुरीत लपे. मले वाटे, म्या तुमच्या पोराचा गळा दाबला." तो रुपाबाईंकडे वळला. "पन पाटलीनबाई, तीन डाव घडी बंद पडली. पयल्यांदा हात हालत नव्हता म्हनून. दुसऱ्यांदा माह्या मेनानं. आता पुन्हा हातानं. मोटीचा बैल उभा राह्यला का पानी येत नाई, तसं. तिच्यात उदयसिंगाचं काई नाई. असतं तं... तं माह्या मेनानंच..."

 पाटलांची काठी हातातच राहिली.

"माहा उदय हाय का नाई मंग?" रुपाबाईंनी विचारलं.

"घडीले नाई मालूम जी. मले बी नाई."

उदयसिंगचं पत्र, इस्पितळातल्या खाटेवरून लिहिलेलं, त्यानंतर सोळा दिवसांनी येणार होतं. पण त्या सकाळी ओसरीवरच्या तिघांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं. तिघेही सारखेच भ्यालेले होते, आणि बहुधा म्हणूनच कोणी कोणावर ओरडलं नाही.

रुपाबाईंनी गड्याला ताकाचा डेरा ओसरीवर आणायला सांगितलं. बांगड्यांची चिंधी सोडली. बांगड्या खळकन खाली आल्या, घड्याळाला लागल्या, आणि रुपाबाई सर्वांगाने दचकल्या. मग दोन्ही हातांत रवीची दोरी धरली. पहिला ओढा इतका हळू की रवी फिरलीच नाही. दुसरा. तिसरा. मग वर्षानुवर्षांची सवय हातात उतरली आणि डेरा घुमू लागला.

मध्येच त्या थबकल्या.

"आतून पुन्हा कोनी तरी दार वाजवून राह्यलं," त्या पुटपुटल्या.

"थोच तुकडा," जगदेव म्हणाला. "वाजू द्या."

पाटील काठी टाकून खाली वाकले. काचेखालचा बारीक काटा सरकत होता. रुपाबाई रडत होत्या आणि दोरी ओढत होत्या. दोन्ही कामं एकदमच चालली होती.

जगदेवने पागोटं सावरलं आणि पायरी उतरला. मागून हाक आली.

"जगदेवभाऊ! उद्या, परवा, पुन्हा बंद पडली तं मी काय करू?"

तो वळला. 

"सांगावा धाडा, असन तसा येतो. पन आंधी ताक करा, पाटलीनबाई. मंग सांगावा धाडा."